पाथरवटाची आखडलेली बोटं

एडिंबरो शहराचा जुना वैभवशाली भाग क्रेगलीथ खाणीच्या वालुकाश्मात बांधलेला आहे. फिकट रंगाचा, कठीण दगड. जवळजवळ सगळा सिलिका. तो घडवणाऱ्यांबद्दल तिथल्या विल्यम अ‍ॅलिसन या डॉक्टरांनी १८२४ सालीच लिहून ठेवलं, की नेमानं टाकी चालवणारा पाथरवट छातीच्या दुखण्याशिवाय पन्नाशी गाठताना क्वचितच दिसतो.

छातीचं दुखणं सगळ्यांना कळत होतं. हाताचं कळायला फार वेळ लागला. त्याच शहरात १९१४ साली बायरम ब्रॅमवेल यांनी स्क्लेरोडर्माच्या रुग्णांवर लेख लिहिला. या आजारात कातडी ताठ होत जाते, बोटं आखडतात, पुढे अन्ननलिका आणि फुप्फुसंही घट्ट होतात. त्यांच्या मोजक्या रुग्णांत पाच जण पाथरवट निघाले. हिवाळ्यात थंडगार छिन्नी धरून हात गारठतात, म्हणून असं होत असावं, असा त्यांचा तर्क. तर्क चुकला तरी त्यांनी रुग्णाचा धंदा नोंदवला, हे मला फार मोलाचं वाटतं. ती नोंद नसती तर पुढच्यांना धागाच मिळाला नसता.

धागा पुढे दक्षिण आफ्रिकेत सापडला. १९५७ साली एरॅस्मस यांनी सोन्याच्या खाणीतल्या कामगारांत हाच आजार दाखवला. त्या आधी, १९५३ साली, वेल्सच्या कोळसा खाणकामगारांत कॅप्लान यांना संधिवात आणि फुप्फुसातल्या गाठी एकत्र दिसल्या होत्या. खाणी वेगळ्या, दगड वेगळा, पण धूळ दोन्हीकडे.

कारण आता पुष्कळसं उलगडलं आहे. डोळ्यांना न दिसणारा सिलिकाचा कण फुप्फुसाच्या तळाशी पोचतो. तिथली भक्षक पेशी त्याला गिळते, पण पचवू शकत नाही. कणामुळे पेशीतली पाचक पिशवी फुटते, पेशी मरते, कण मोकळा होतो आणि दुसरी पेशी त्याला गिळते. प्रत्येक वेळी दाह पेटवणारी रसायनं सुटतात. वर्षानुवर्षं हेच चाललं की काही जणांची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. दुसरीकडे क्षयाच्या जंतूंना मारायचं काम याच पेशींचं. त्या खचल्या की क्षय बळावतो. एकच धूळ शरीराचा पहारा एकीकडे कमजोर करते आणि दुसरीकडे घरच्यांवरच सोडते.

हे मी कोल्हापूरच्या फौंड्री भागात दवाखाना चालवणारा डॉक्टर म्हणून लिहितो आहे. आपला काळा पाषाण तसा सौम्य. या बेसाल्टमध्ये सिलिकाचे मोकळे स्फटिक, म्हणजे क्वार्ट्‌झ नगण्य. पण फौंड्रीच्या साच्यांची वाळू काळ्या पाषाणाची नसते. ती सिलिका वाळू, कणकवलीकडच्या कासार्ड्यातही निघणारी, आणि जवळपास निव्वळ क्वार्ट्‌झ. साचा फोडताना आणि कास्टिंग घासताना तिची धूळ उडते.

फेटलिंगला, म्हणजे कास्टिंग घासायच्या कामाला, असलेला एक कामगार हात पुढे करून म्हणाला होता, "थंडीत बोटं पांढरी पडत्यात डॉक्टर, मूठ वळंना." ग्राइंडरच्या हादऱ्यानंही बोटं पांढरी पडतात, म्हणून आधी तेच मनात येतं. पण त्याच्या बोटांवरची कातडी चिमटीत धरता येत नव्हती, इतकी ती हाडाला चिकटली होती. हादऱ्यानं असं होत नाही. त्याच्या आधीच्या कागदांवर वय होतं, वजन होतं, औषधं होती. धंद्याचा रकाना कोरा.

रुग्णाला त्याचा धंदा विचारा, असं इटलीच्या रामाझ्झिनी यांनी १७०० साली डॉक्टरांना सांगितलं होतं. दक्षिण आफ्रिकेच्या खाणकामगार भरपाई कायद्यात स्क्लेरोडर्मा आहे. आपल्या भरपाईच्या यादीत सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार, आहे, स्क्लेरोडर्माचं नाव नाही. ते यायला हवं. त्यासाठी आधी नोंदी हव्यात, आणि त्या दवाखान्यातच होणार.

तेव्हा फौंड्रीत, खडी क्रशरवर, दगड कटिंगला काम केलेल्या माणसांचे सांधे धरले, बोटं पांढरी पडली, कातडी ताणली, तर त्यांनी डॉक्टरांना आपलं काम आवर्जून सांगावं. सोडून वीस वर्षं झाली असली तरी. आणि माझ्या व्यवसायबंधूंनी तो रकाना कोरा ठेवू नये.