सुभेदार रामजी सकपाळ : एका लष्करी घराण्यातील विद्येचा वारसा

थोर पुरुषाच्या चरित्रात त्याचा पिता बहुधा पहिल्या प्रकरणापुरताच येतो. डॉ. भीमराव आंबेडकरांचे पिते रामजी मालोजी सकपाळ यांचेही तसेच झाले आहे. परंतु त्यांच्या आयुष्याचा स्वतंत्रपणे विचार केला असता, लष्करी चाकरीने या घराण्यास पगार व पेन्शन यांहून मोलाचे असे काय दिले, हे ध्यानात येते. ते म्हणजे अक्षरज्ञान होय.

सकपाळ घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे गावचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या अमदानीच्या आरंभापासूनच आपल्या पूर्वजांनी वंशपरंपरागत काम सोडून सैन्यात चाकरी धरली, असे डॉ. आंबेडकरांनी आपल्या आठवणींत नमूद केले आहे. रामजींनी तीच परंपरा चालविली. त्यांच्या पत्नी भीमाबाई याही मुरबाडकर या लष्करी घराण्यातील. या दांपत्याचे चौदावे अपत्य भीमराव. त्यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील छावणीत झाला.

रामजी सुभेदारपदावरून निवृत्त झाले. हा शब्द येथे विचारात घेण्याजोगा आहे. मराठेशाहीत सुभेदार म्हणजे सुभ्याचा अधिकारी, आणि हवालदार म्हणजे किल्ल्याचा प्रमुख. कंपनीच्या पलटणींत हेच शब्द आले, परंतु त्यांचा अधिकार आकसला. तेथील सुभेदार कनिष्ठातील कनिष्ठ गोऱ्या अधिकाऱ्याच्याही हाताखाली असे. तथापि, ज्या समाजास गावात मानाची कोणतीही पदवी नव्हती, त्यास हा आकसलेला शब्दही मोठाच होता.

रामजींचा विशेष असा की, त्यांची चाकरी बंदुकीपेक्षा पाटीपुस्तकाशी अधिक निगडित होती. लष्करी शाळांसाठी शिक्षक तयार करण्याकरिता पुण्यास जी शाळा होती, तीत ते शिकले व पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. गावच्या शाळेचे दार ज्यांना बंद, त्यांच्या मुलांना छावणीत शिक्षण मिळे. म्हणूनच १८९० च्या दशकात, काही ठराविक जातीच तेवढ्या लढवय्या, या समजुतीने सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली, तेव्हा रोजगाराबरोबर एक शाळाही बंद झाली. निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी दापोलीहून याविरुद्ध अर्ज केला, त्यामागील तळमळ यावरून समजते.

निवृत्तीनंतर रामजी प्रथम दापोलीस व नंतर साताऱ्यास राहिले. साताऱ्यासच भीमाबाईंचे निधन झाले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तेथील शाळेत मुलाचे नाव 'भिवा रामजी आंबेडकर' असे नोंदले गेले. सकपाळ हे कुळाचे नाव मागे पडून गावावरून सिद्ध झालेले 'कर'-प्रत्ययान्त आडनाव पुढे आले.

छावणीबाहेर सुभेदारीचे मोल किती होते, हे १९०१ साली दिसून आले. दुष्काळी कामावरील तलावाच्या खोदाईनिमित्त रामजी खटाव तालुक्यात गोरेगाव येथे खजिनदार होते. त्यांना भेटण्यास निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरली. मुलांचे कपडे चांगले होते. म्हणून स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला, परंतु जात कळताच मागे सरला. दुप्पट भाडे घेऊन, आणि गाडी मुलांनीच हाकावी या अटीवर, एक गाडीवान कसाबसा तयार झाला. रात्रभर मुलांना प्यावयास पाणी मिळाले नाही.

रामजींनी याला उत्तर दिले ते घरातील शाळेने. हॉवर्डची इंग्रजी पुस्तके आणि तर्खडकरांची भाषांतर पाठमाला ते मुलाकडून घोटवून घेत. एका भाषेतील शब्दास दुसरीत नेमका प्रतिशब्द शोधावयाची ही सवय पुढे भीमरावांच्या लेखनास किती उपयोगी पडली असेल, हे भाषेच्या अभ्यासकास सांगावयास नको. मुंबईस आल्यावर पुस्तकांसाठी पैसे कमी पडत, तेव्हा लेकीचे दागिने गहाण ठेवावयाचे आणि पेन्शन हाती येताच ते सोडवावयाचे, असा त्यांचा क्रम असे.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजींचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांचा पुत्र कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली व सैन्याचे दार पुन्हा उघडले. परंतु मधल्या अर्धशतकात त्या समाजाची लढाई पुढे नेली ती एका सैनिकाने घरी चालविलेल्या शाळेने, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.