शिंदीच्या बनात, नोव्हेंबर १९४७

नाशिकला जाऊन वाइन चाखणं आता कुणालाही जमतं. तुम्ही मात्र नांदेडहून पूर्वेची गाडी धरलीय, आणि उतरताय १९४७ च्या नोव्हेंबरात. निजाम स्टेट रेल्वेची मीटरगेज गाडी मुदखेड, उमरी करत पहाटे धर्माबादला थांबते. चहावाला तुमचं नाणं उलटसुलट करून परत देतो; इथे निजामाचा हाली सिक्का चालतो. देश स्वतंत्र होऊन तीन महिने झाले, धर्माबाद अजून निजामाचंच.

गावाबाहेर शिंदीचं बन लागतं. शिंदी काढणारा कमरेला दोर बांधून, कोयता खोचून झाडावर चढलाय. दरवर्षी आलटून-पालटून बाजूला खाचा घातल्यानं खोड नागमोडी झालंय. शेंड्याखाली साल तासून कोवळा गाभा उघडा केलेला. तिथून रात्रभर थेंब थेंब रस मडक्यात उतरलाय. तो मडकं खाली आणतो, वर तरंगणाऱ्या मेलेल्या मधमाश्या बोटानं काढतो आणि पळसाच्या द्रोणात ओततो.

प्या. थंडगार, गोड, जिभेवर बारीक चुणचुण, कारण आंबणं रात्रीच सुरू झालंय. मडक्याला आतून चुना फासला असता तर ही निखळ नीरा राहिली असती. आता ऊन चढेल तसा फेस चढेल, गोडी जाईल, आंबटपणा येईल आणि दुपारी शिंदीखान्यात हीच फुटाण्यांसोबत डोक्यात जाईल. मला विचाराल तर पहाटेचा द्रोणच खरा. शिंदीखान्यातली गिऱ्हाइकं त्याला लेकरांचं पेय म्हणून हसतील, हसू द्या.

मडकं त्याचं, पण त्यावर नजर सरकारची. झाडागणिक कर, दुकानांचे लिलाव. निजामाच्या खजिन्यात आबकारीचा, म्हणजे दारू-शिंदीवरच्या कराचा, वाटा मोठा. म्हणूनच निजामाविरुद्धच्या हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात जंगल तोडणं आणि करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यांवरचे हल्ले यांच्या जोडीला शिंदीची झाडं तोडणंही आलं. गांधीजींची दारूबंदी आणि निजामाची तिजोरी, एकाच कुऱ्हाडीनं दोन्ही कामं. काँग्रेसचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात आहेत, तरी कुऱ्हाडी थांबलेल्या नाहीत. रात्री झाडं पडतात, मग पोलीस आणि निजामाच्या बाजूचे सशस्त्र रझाकार येतात, मार गावाला बसतो.

बनाच्या टोकाला काही झाडं आडवी पडलीत. ओल्या बुंध्यांवर मुंग्यांची रांग लागलीय.

"कुणी तोडली?"

"आपल्याच पोरांनी."

"राग नाही येत?"

"कामून येईल? निजामाचा पैका तुटला पायजे." तो कोयता दगडावर घासू लागतो. "पर मह्या पोटाचं कुणी इचारलं न्हाई, सायेब."

हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या आठवणींत तोडलेली झाडं अभिमानानं येतात. त्यांवर चढणारा माणूस मला त्यांत फारसा भेटला नाही, आणि हे मला खटकतं. झाड तोडणाऱ्याचं धाडस खोटं नव्हतं. पण दंड, मार, तुरुंग त्याच्या वाट्याला आले तसा रिकामा हंगाम याच्या वाट्याला आला, आणि रिकाम्या हंगामाची गणती सत्याग्रहात होत नाही.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, म्हणून सांगून टाकता: येत्या सप्टेंबरात भारतीय फौजा येतील, १७ तारखेला निजाम शरण येईल. शिंदी काढणाऱ्याचा चेहरा खुलतो.

"मंग झाडाचा कर माफ?"

निजामाची सत्ता जाईल, आबकारी खातं राहील. हे त्याला सांगायचं की आणखी एक द्रोण मागायचा, तुमचं तुम्ही ठरवा.