जांगड

जांगड हा शब्द आता मराठी घरांतून जवळजवळ गेलाच. माझ्या सासूबाई तो सर्रास वापरायच्या. दुकानदार लुगड्यांचा गठ्ठा घरी पाठवायचा, बायका दोन दिवस तो उलटून पालटून बघायच्या, पसंत पडेल ते ठेवून घ्यायचं आणि बाकीचं परत. पैसे फक्त ठेवून घेतलेल्याचे. गठ्ठा घरात असेपर्यंत माल दुकानदाराचाच, पण जबाबदारी आपली. एखाद्या लुगड्याला हळदीचा हात लागला की ते आपलं झालं! उधारीत वस्तू आपली होते आणि पैसे राहतात. जांगडीत वस्तूच आपली होत नाही.

हा शब्द मला पुन्हा भेटला तो एका जुन्या विद्यार्थ्याच्या तोंडून, आणि तोही हिऱ्यांच्या संदर्भात. भिवंडीचा मुलगा आणि हिरे! आमच्या घरात तर सगळे हसलेच होते. इथे आयुष्य जातं ते यंत्रमागांच्या खडखडाटात आणि नाकात जाणाऱ्या कापसाच्या धुळीत. पण हा पोरगा हिऱ्यांच्या धंद्यात गेला, टिकला आणि त्याने स्वतःचा लहानसा व्यापार उभा केला. त्याच्याशी वेळोवेळी बोलताना आणि मग इतिहासाच्या नादाने वाचताना एक गोष्ट मनात पक्की होत गेली. ह्या धंद्यात शिरायला पैशाच्याही आधी एका प्रश्नाचं उत्तर लागतं : कोणाच्या शब्दावर तुला माल द्यायचा?

सुरुवात जरा लांबून करते. बाईंची खोड, जात नाही.

ताव्हेर्निए नावाचा एक फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात, म्हणजे शिवकाळातच, बरेचदा पूर्वेकडे आला. त्याचं प्रवासवर्णन १६७६ साली छापलं गेलं. तेव्हा जगाला हिरा माहीत होता तो मुख्यतः हिंदुस्थानातला. गोवळकोंड्याहून पाच दिवसांच्या आणि विजापूरहून आठ-नऊ दिवसांच्या वाटेवर रावळकोंडा नावाची खाण होती. तिथे त्याने जे पाहिलं ते वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले. व्यापाऱ्यांची मुलं, दहा ते पंधरा-सोळा वर्षांची, गावच्या चौकात झाडाखाली बसलेली असत. प्रत्येकाच्या एका बाजूला हिरे तोलायच्या वजनांची पिशवी आणि दुसऱ्या बाजूला कमरेला कसा. एखाद्याच्या कशात सहाशे होनसुद्धा! कोणी हिरा विकायला आणला की तो सर्वांत मोठ्या मुलाच्या हातात द्यायचा. त्याने निरखायचा, शेजारच्याला द्यायचा, असा एकही शब्द न बोलता हातोहात फिरून तो पुन्हा मोठ्याकडे यायचा. मग तो भाव करायचा. महाग घेतला तर भुर्दंड त्याचा. संध्याकाळी सगळे मिळून दिवसभराचा माल निवडायचे, मोठ्या व्यापाऱ्यांना विकायचे, नफा सारखा वाटून घ्यायचे. मोठ्याला पाव टक्का जास्त.

मी तीस-पस्तीस वर्षं मुलांना गणित आणि इतिहास शिकवला. नफा-तोट्याची शेकडो उदाहरणं फळ्यावर सोडवली. पण ह्या झाडाखालच्या वर्गासारखा वर्ग नाही. नजर, तोल, भाव, भागीदारी आणि चूक झाली तर कोणी भरायची, हा सगळा अभ्यासक्रम तिथे होता. फक्त प्रवेश कोणाला, तर व्यापाऱ्याच्या मुलाला! (मोठ्यांचे सौदे तर त्याहून मजेदार. समोरासमोर बसून शेल्याखाली हात धरायचे. अख्खा पंजा म्हणजे हजार, एक बोट म्हणजे शंभर. आजूबाजूला कितीही माणसं असोत, भाव दोघांनाच ठाऊक.)

पुढे आपल्या खाणी आटल्या. १७२०च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले, १८६७च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेत. १८८८ साली डी बिअर्स कंपनी निघाली आणि जगाचा कच्चा माल बराचसा तिच्या मुठीत गेला. लंडनला वर्षातून दहा वेळा ठराविक व्यापाऱ्यांना बोलावून मालाची पेटी समोर ठेवायची. घ्यायची तर अख्खी घ्या, घासाघीस नाही. खाण गेली, पण झाडाखालची शाळा आपल्याकडे उरली. विसाव्या शतकात ती भरवली पालनपूरच्या जैन व्यापाऱ्यांनी. पालनपूर हे उत्तर गुजरातेतलं नबाबी संस्थान. तिथली कुटुंबं मुंबईत आली, मग त्यांची मुलं-पुतणे अँटवर्पला गेले. एक भाऊ तिथे कच्चा माल घेणार, दुसरा मुंबईत तयार माल पाठवणार, मध्ये ना करारपत्र ना वकील. बांद्र्याच्या लीलावती हॉस्पिटलला ज्यांचं नाव आहे त्या लीलावतीबाई अशाच एका पालनपुरी हिरेव्यापाऱ्याच्या, कीर्तिलाल मेहतांच्या पत्नी.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलनाची टंचाई होती. सरकारने तोड काढली ती अशी : तयार हिरे निर्यात करा, त्या प्रमाणात कच्चा माल आणायचा परवाना घ्या. १९६६ साली रत्न आणि आभूषण निर्यात परिषद स्थापन झाली. खरी चावी मात्र होती बारीक मालात. एक कॅरेट म्हणजे एक पंचमांश ग्रॅम, त्याचे शंभर सेंट. एक-दोन सेंटाचा खडा घासायला अँटवर्पचा कारागीर परवडेना. तो दगड आपल्याकडे आला, सुरतेला आणि मुंबईच्या उपनगरांत. अशा मोहरीएवढ्या दगडावर पैलू पाडायचे म्हणजे काय, हे भिंगातून एकदा तरी बघावं.

आणि इथे माझ्या मते ह्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा वळसा आला. हे बारीक दगड घासायला पालनपूरची माणसं पुरणार नव्हती. सौराष्ट्रातली शेतकऱ्यांची पोरं आली, अमरेलीची, भावनगरची. ऐंशीच्या दशकातल्या दुष्काळांनी तर गावंच्या गावं घंटीवर आणून बसवली. (घंटी म्हणजे पैलू पाडायची फिरती चकती. एका घंटीभोवती तीन-चार जण बसतात.) ह्या पोरांना ना झाडाखालची शाळा, ना बापाची पेढी. पण ती नुसते कारागीर राहिली नाहीत. गोविंद ढोलकिया १९६४ साली दुधाळा गावातून सुरतेला आले ते घंटीवर बसायला. १९७० साली त्यांनी भागीदारीत स्वतःचं काम सुरू केलं आणि २०२४ साली ते राज्यसभेत गेले. हे टोकाचं उदाहरण झालं, पण लहान प्रमाणात असं हजारोंच्या बाबतीत घडलं.

आता आमच्या भिवंडीकडे बघा. १८५७ नंतर उत्तरेतून विणकर इथे आले, १९३०च्या दशकात यंत्रमाग आले, १९८२च्या गिरणी संपानंतर मागांची संख्या भराभर वाढली. धंद्याची रीत हिऱ्यासारखीच. व्यापारी सूत देणार, मागवाला विणून देणार, मजुरी पिकावर, म्हणजे आडव्या धाग्यांच्या हिशोबाने. माल एकाचा, हात दुसऱ्याचा. पण इथला मागवाला सुताचा व्यापारी झाल्याची उदाहरणं मला फारशी आठवत नाहीत. का? मला वाटतं, त्याचा सगळा पैसा लोखंडात अडकलेला असतो. माग, गाळ्याचं भाडं, विजेचं बिल. व्यापारी बदलला तरी तो जागचा हलत नाही. घंटीवरच्या पोराचं काहीच अडकलेलं नसतं. त्याच्याकडे असतात डोळे, आणि पाठीशी असतं गाव. गावचा कोणीतरी आधीच पेढीवर असतो आणि तो म्हणतो, ह्याला पुडी द्या, मी आहे. मिळालेली जांगड विकून वेळेवर पैसे किंवा माल परत केला की पुढची पुडी मोठी.

म्हणून "मराठी माणसाला धंदा जमत नाही" हे वाक्य कोणी लग्नाच्या पंगतीत टाकलं की मला राग येतो. हिऱ्याच्या कारखान्यांत, हिशोबाच्या टेबलांवर, अंधेरीच्या सीप्झमधल्या दागिन्यांच्या कारखान्यांत मराठी हात कमी नव्हते. त्यांच्यासाठी "मी आहे" म्हणणारा कमी होता.

माझ्या विद्यार्थ्याला तो मिळाला. बापाचे चार माग, तेही मजुरीवर. पोरगा गणितात हुशार, पण दहावीनंतर १९८६ साली थेट दहिसरला एका कारखान्यात. आधी तळिया, मग मथाळा. हिऱ्याच्या खालच्या आणि वरच्या बाजूची ही कारखान्यातली गुजराती नावं. सात-आठ वर्षांनी डोळे ताणल्याची तक्रार सुरू झाली तेव्हा मालकाने त्याला माल निवडायला बसवलं. पांढऱ्या कागदावर ढीग पसरायचा आणि रंग, शुद्धता, आकार बघून चिमट्याने वेगळा करायचा. ह्यात त्याची नजर बसली. मग एके दिवशी अमरेलीकडचा तो मालक त्याला ऑपेरा हाऊसला एका पेढीवर घेऊन गेला आणि तीनच शब्द बोलला, "आपणो माणस छे."

"बाई, अकरा कॅरेटची पुडी होती. चिठ्ठीवर वजन, भाव आणि माल मागताक्षणी परत द्यायची अट. खाली माझी सही. ती रात्र मी पुडी उशाखाली ठेवून जागून काढली," असं त्याने मला सांगितलं.

ऑपेरा हाऊसचा तो काळ त्याच्याच तोंडून ऐकावा. पंचरत्न इमारतीत पेढ्या, आणि खाली रस्त्यावर खिशात लाखोंच्या पुड्या घेऊन उभे असलेले दलाल. चहा पिता पिता सौदे. त्याच गल्लीत १३ जुलै २०११ला बॉम्बस्फोट झाला. वांद्रे-कुर्ला संकुलातलं भारत डायमंड बोर्स त्याआधीच, ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झालं होतं. स्फोटानंतर बाजार तिकडे जायला वेळ लागला नाही. आत जायला ओळखपत्र लागतं, रस्त्यावरचा सौदा संपला.

स्वतःचा जम बसल्यावर त्याने भिवंडीच्या मुलांना आणायला सुरुवात केली. आता "मी आहे" म्हणायची पाळी त्याची होती. चार जणांसाठी शब्द टाकला. त्यातला एक पुडी घेऊन नाहीसा झाला. तोही आमच्याच शाळेतला. त्याची आई माझ्या दारात येऊन रडली होती, मी तिला काय सांगणार! पोलिसांत जाता आलं असतं. पण तसं केलं तर पुढे भिवंडीच्या एकाही पोराला कोणी पुडी देणार नाही, असं ह्याचं म्हणणं. त्याने पैसे भरले. बाप तेव्हा हयात होता, चारही माग भंगाराच्या भावाने गेले, गाळा सुटला. घरात वर्षभर बापलेकांत नीट बोलणं नव्हतं. मी त्याला विचारलं, आता पुन्हा कोणासाठी शब्द टाकशील का? तो काही बोलला नाही. दोन वर्षांनी कळलं की टाकला होता.

मग २०१८ आलं. नीरव मोदी प्रकरणात पंजाब नॅशनल बँकेच्या फोर्टमधल्या शाखेतून १३ हजार कोटींवरचा घोटाळा बाहेर पडला. त्यात अडकली बडी नावं, आणि बँकांनी हात आखडते घेतले ते सरसकट सगळ्यांसाठी. पाठोपाठ प्रयोगशाळेतला हिरा. तो खोटा नव्हे बरं का, कार्बनच, तसाच कठीण, तसाच चमकणारा. पण त्याचा भाव काही वर्षांत इतका कोसळला की खाणीतल्या बारीक मालालाही खाली ओढून गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं तेव्हा त्याचं काम महिनाभर जवळजवळ बंदच होतं.

जांगडीला मात्र ह्या सगळ्याहून मोठा धक्का प्रयोगशाळेतल्या हिऱ्यानेच दिला. पूर्वी परत आलेल्या पुडीचं वजन बघितलं, भिंगातून नजर टाकली की झालं. आता पुडीत चार खडे बदलले तरी तीस वर्षांची नजरही सांगू शकत नाही, ते यंत्रालाच कळतं. त्याने तसलं यंत्र घेतलंय. धाकटी मुलगी रत्नशास्त्राचा अभ्यासक्रम करून त्यावर बसते. येणारी-जाणारी प्रत्येक पुडी तिच्या हाताखालून जाते, मग ती कितीही जुन्या माणसाची असो.

"माझीसुद्धा तपासते, बाई," तो म्हणाला आणि हसला.