पायाळूची लाथ, वस्तादाचा हात आणि मानेचा 'कट्ट' आवाज

आमच्या बावड्यात लहानपणी कुणाच्या कंबरेत उसण भरली की दवाखान्याचा विषय नंतर निघायचा. आधी चौकशी व्हायची, गल्लीत पायाळू कोण आहे? पायाकडून जन्मलेल्या माणसानं पाठीला पाय लावला की उसण पळते, असा समज. आमच्या शेजारच्या काकू पायाळू होत्या. भाकरी करता करता उठून यायच्या, दुखणाऱ्याला उंबऱ्यावर पालथं घालायच्या, तीनदा पाय लावायच्या आणि परत चुलीपुढं. फी नाही, बोर्ड नाही.

हे आठवायचं कारण आमचा भाचा. तालमीत जातो. महिनाभर मान धरली आहे. परवा मोबाईलवर एक रील दाखवली. टेबलावर माणूस झोपलेला, दुसरा त्याची मान दोन्ही हातांनी धरतो आणि झटका. 'कट्ट' असा आवाज. खाली लाखभर लाईक. म्हणाला, "मामा, कायरोप्रॅक्टिक म्हणत्यात ह्याला. जाऊया का?" मी नको म्हणालो. पण का नको, हे त्याला नीट सांगता येईना. चार दिवस जुनं-नवं वाचून काढलं, ते इथं मांडतो.

कायरोप्रॅक्टिक हा शब्द आला अमेरिकेतून. आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट नावाचं गाव आहे. तिथं डी. डी. पामर हा गृहस्थ चुंबकीय उपचार करायचा. त्याआधी त्यानं किराणाही विकला होता. १८९५ मध्ये त्यानं एका कमी ऐकू येणाऱ्या कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू येऊ लागलं, असा त्याचा दावा. त्यावरून त्यानं सिद्धांत काढला की बहुतेक सगळे रोग मणका सरकल्यामुळं होतात. १९०६ मध्ये विनापरवाना उपचार केल्याबद्दल त्याला तुरुंगातही जावं लागलं. पुढं १९१३ मध्ये कॅन्सस राज्यानं या धंद्याला कायद्यानं परवाना दिला, आणि अमेरिकेतलं शेवटचं राज्य लुईझियाना, ते १९७४ मध्ये तयार झालं. बहिरेपणाचा दावा टिकला नाही. कंबरदुखीला मात्र अशा हाताच्या उपचारानं थोडाफार आराम पडतो, व्यायामानं पडतो तेवढाच साधारण, असं आजचा अभ्यास सांगतो.

आता आपल्याकडं या. सुश्रुतसंहितेत मोडलेली हाडं आणि निखळलेले सांधे यांवर स्वतंत्र अध्याय आहेत. सांधा निखळण्याचे सहा प्रकार, हाड मोडण्याचे बारा. ओढणं, दाबणं, जुळवणं, बांधणं हा क्रम. वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली आणि बांबूच्या कांबी आधाराला लावायच्या. पट्टी कधी सोडून परत बांधायची, हेसुद्धा लिहून ठेवलंय: थंडीत सात दिवसांनी, मध्यम हवेत पाच, उन्हाळ्यात तीन. ही पट्टीची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

कोल्हापुरात ही विद्या वैद्यांपेक्षा तालमीत जास्त मुरली. राजर्षी शाहू महाराज २६ जून १८७४ ला आपल्या बावड्यातल्याच लक्ष्मीविलास पॅलेसमध्ये जन्मले. त्यांनी कुस्तीला आश्रय दिला, देशभरातले मल्ल इथं आणले आणि १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं राहिलं. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमी नुसते आखाडे नव्हते. जिथं रोज शंभर अंगं आपटतात तिथं मुरगळलेलं बोट, उतरलेला खांदा, अवघडलेली मान हे रोजचंच. त्यामुळं वस्ताद हाच पहिला डॉक्टर. आंबेहळद आणि रक्तबोळाचा लेप, निर्गुडीचा शेक, तेलाची मालिश.

पण माझ्या मते वस्तादांची खरी कमाई उपचारात नाही, इजा होऊ न देण्यात आहे. नव्या पोराला लगेच कुस्ती धरू देत नव्हते. आधी हौदा उकरायचा. फावड्यानं माती वरखाली करताना अंग तापतं आणि पडायला जागा मऊ होते, एका कामात दोन कामं. मातीत तेल, ताक, हळद, लिंबू. मग जोर-बैठका. मग थोरल्या पैलवानाबरोबर हलकी लढत, ज्यात थोरला पोराला सांभाळून टाकतो. मेहनत झाली की एकमेकांचं अंग रगडायचं. आज खेळवैद्यक ज्याला वॉर्म-अप आणि रिकव्हरी म्हणतं, ते इथं लंगोट लावून चालू होतं.

एवढं असूनही इजा व्हायचीच. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव, आपल्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. त्यांची कारकीर्द शेवटी गुडघ्याच्या दुखापतीनंच थांबली. त्याच सुमाराला मुंबईत केईएम रुग्णालयात देशातली पहिली फिजिओथेरपीची शाळा सुरू होत होती. आपल्या तालमींपर्यंत ती विद्या यायला किती वर्षं गेली, ते जुन्या पैलवानांचे गुडघे बघून कळतं.

आता हाडवैदाबद्दल. मी दोन वर्षांचा असताना आईनं हात धरून उचललं आणि कोपर उतरलं. हाडवैदानं एका झटक्यात बसवलं, मी रडायचा थांबलो, आई आयुष्यभर त्याचं नाव घेत राहिली. लहान पोरांचं कोपर असं सटकतं आणि जाणत्या हाताला ते सेकंदात बसतं, हे खरं आहे. त्याच विश्वासावर आमचे वडील उसाच्या गाडीवरून पडल्यावर तिथंच गेले. मनगट मोडलं होतं. कांबी लावून आवळून बांधलं. रात्री बोटं निळी पडली. आजीनं विळ्यानं पट्टी कापली म्हणून हात राहिला. मनगट वाकडं जुळलं ते जुळलंच. सुश्रुतानं पट्टी फार घट्ट बांधली तर काय होतं ते सांगून ठेवलंय. पण आमच्या हाडवैदापर्यंत हाताची कला पोचली, पुस्तक पोचलं नाही.

इंग्लंडमध्ये वेगळं घडलं. ह्यू ओवेन थॉमस हा वेल्समधल्या हाडवैदाच्या घराण्यातला. तो रीतसर डॉक्टर झाला आणि त्याच्या नावाचं स्प्लिंट आजही मांडीच्या हाडाला लावतात. आपल्याकडं तसं एक उदाहरण बडोद्याचं. जुम्मादादा व्यायाममंदिराचे प्रोफेसर माणिकराव हाडं बसवण्यात नावाजलेले. त्यांच्याच हाताखाली तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योगाच्या क्रिया एक्स-रे लावून तपासल्या. तालमीतला माणूस प्रयोगशाळेत गेला. कोल्हापुरात इतके वस्ताद होऊन गेले, पण त्यांच्यापैकी कुणाचं तसं टिपण मला तरी बघायला मिळालेलं नाही.

आणि आता त्या मोकळ्या जागेत रीलवाले आले. महाराष्ट्रात १९६१ च्या कायद्यानं नोंदणीशिवाय वैद्यकीय व्यवसाय करायला मनाई आहे. फिजिओथेरपिस्टांची राज्यात परिषद आहे. कायरोप्रॅक्टिकला मात्र भारतात वेगळी वैधानिक परिषद नाही. परदेशात रीतसर शिकून आलेला आणि चार दिवसांचा कोर्स करून आलेला, दोघांच्या बोर्डावर अक्षर एकच. काही बिघडलं तर तक्रार कुठं करायची? पायाळू काकू निदान गल्लीतच राहायच्या.

त्या 'कट्ट'बद्दलही ऐका. तो हाड जागेवर बसल्याचा आवाज नव्हे. सांध्यातल्या द्रवात वायूचा बुडबुडा होतो, त्याचा आवाज. बोटं मोडताना येतो तोच. आणि साधी कंबरदुखी बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप उतरते, त्यामुळं शेवटी ज्याच्याकडं गेलो त्याला श्रेय मिळतं. काकूंनाही तसंच मिळालं. पण मानेचं तसं नाही. मानेतून मेंदूकडं रक्त नेणाऱ्या धमन्या मणक्यांमधून जातात. जोराच्या झटक्यानं त्यांचं आतलं अस्तर फाटून लकवा झाल्याच्या नोंदी जगभर आहेत. क्वचित होतं, पण ज्याला होतं तो बहुतेकदा तरणा असतो.

हात-पाय बधिर होत असतील, जोर कमी वाटत असेल, लघवीवर ताबा राहत नसेल, पडून मार लागला असेल, तर मालिश नाही, झटका नाही, पायाळू नाही. सरळ दवाखाना.

भाच्याला हे सगळं सांगितलं. त्याला फारसं पटलं नाही, रीलमधला माणूस हसत उठतो म्हणाला. पण फिजिओथेरपिस्टकडं आला. हलके व्यायाम दिलेत, उशी बदलायला सांगितलीय. वस्तादांनीही मानेवर भार यायची मेहनत पंधरा दिवस बंद केली. सध्या पठ्ठ्या हौद्याच्या कडेला बसून बारक्या पोरांचे जोर मोजतोय.