शिक्षा की शिस्त?

वसईच्या किल्ल्यातील पडक्या चर्चांच्या भिंतींमधून हिंडताना आम्हांस इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा बारावा अध्याय आठवतो. तेथे शिस्त ही पित्याच्या मायेची खूण मानली आहे.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून मिळालेला हा मुलूख पोर्तुगीजांनी दोन शतके भोगला. मे १७३९ मध्ये त्यांनी किल्ला चिमाजी अप्पांच्या स्वाधीन केला. हा ईश्वराचा कोप, असे म्हणणे सोपे आहे. सत्तेचा माज, धर्माच्या नावाने झालेली सक्ती, हे आम्ही नाकारीत नाही. पण ज्यांच्या हाती सत्ता होती ते तहानुसार चीजवस्तू घेऊन सन्मानाने निघून गेले. मागे उरले ते बहुतांशी शेतकरी आणि कोळी. मग छडी कोणाच्या पाठीवर पडली? म्हणूनच आम्ही शिक्षा हा शब्द टाळतो. शिक्षा गुन्हेगाराचा हिशेब करते. शिस्त लेकराला चालावयास शिकविते, मग चूक कोणाचीही असो.

राजाश्रय गेला, युरोपीय धर्मगुरू गेले. ख्रिस्ती राहण्यात ऐहिक लाभ उरला नाही. तरी आमचे अनेक पूर्वज ख्रिस्तीच राहिले, आणि गोव्याच्या देशी धर्मगुरूंनी त्यांचा सांभाळ केला. त्यांच्याच वंशजांच्या भूमीत १९९८ साली वसई धर्मप्रांत स्थापन झाला, आणि तेथे उपासना मराठीत होते.