दिवाळी अंकाचे गोत्र

गुंटूरला जन्मलेल्या आणि इंग्लंडात वाढलेल्या भारत नल्लुरी यांनी दिग्दर्शित केलेला ‘द मॅन हू इन्व्हेंटेड ख्रिसमस’ हा २०१७ सालचा चित्रपट मी बंगळुरूच्या जयनगरातल्या आमच्या घरी पाहिला, तो डिकन्सविषयीच्या भक्तीपोटी. परंतु पाहून झाल्यावर मनात घोळत राहिला तो डिकन्स नव्हे, तर आपला दिवाळी अंक. चित्रपटात ‘अ ख्रिसमस कॅरल’मधला स्क्रूज लेखकाच्या खोलीत येऊन त्याच्याशी हुज्जत घालतो, कर्जबाजारी बाप दारात उभा राहतो, हे सारे रंजक आहेच. तथापि कथेचा खरा खलनायक आहे तो पंचांगातला एक दिवस. १८४३ च्या शरदात हाती घेतलेले पुस्तक नाताळापूर्वी दुकानात पोहोचलेच पाहिजे, चित्रकार खोळंबला आहे, छापखाना अडला आहे आणि लेखकाला शेवट सुचत नाही, ही अवस्था ज्याने कोणत्याही मराठी संपादकाचा भाद्रपद जवळून पाहिला आहे, त्याला परकी वाटणार नाही.

‘अ ख्रिसमस कॅरल’ची जन्मकथा सर्वश्रुत आहे. सुमारे सहा आठवड्यांत लेखन, १९ डिसेंबरला प्रकाशन, पाच शिलिंग किंमत, सहा हजार प्रतींची पहिली आवृत्ती नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत फस्त. निर्मितीचा खर्च डिकन्सने स्वतःच्या शिरावर घेतला होता, आणि सोनेरी कडा व जॉन लीचची हाताने रंगवलेली चित्रे यांत तो इतका झाला, की अपेक्षित हजार पौंडांच्या नफ्याऐवजी हाती आली त्याची जेमतेम चौथाई. पुढे चोरट्या आवृत्तीवर त्याने फिर्याद केली, ती जिंकली, प्रतिवादींनी दिवाळे काढले आणि कज्जाचे सातशे पौंड विजेत्यालाच भरावे लागले.

इतका मार खाल्लेला मनुष्य सणाच्या वाटेला पुन्हा जाता ना. डिकन्स गेला, आणि माझ्या मते दिवाळी अंकाची खरी कुळी तेथे सुरू होते. १८५० पासून त्याने आधी ‘हाउसहोल्ड वर्ड्‌स’ आणि नंतर ‘ऑल द इयर राउंड’ या आपल्या साप्ताहिकांचे नाताळ विशेषांक काढले. ‘कॅरल’ हे एकट्याचे पुस्तक. या अंकांत मात्र संपादक एक आणि हात अनेक. डिकन्सने एखादी चौकट कल्पायची, जसे १८६६ च्या अंकातले मग्बी जंक्शन हे रेल्वेस्थानक, आणि विल्की कॉलिन्ससारख्या सहकाऱ्यांनी तीत आपापल्या कथा बसवायच्या. कोणी म्हणेल, की रुडॉल्फ आकरमनने जर्मन नमुन्यावरून १८२२ च्या नोव्हेंबरातच ‘फर्गेट मी नॉट’ हे वार्षिक भेटपुस्तक काढले होते. काढले होते खरे. पण ते दिवाणखान्यातल्या मेजावर मिरवण्याचे पुस्तक. त्याला मी या वंशावळीत फार तर चुलत घराणे म्हणून जागा देईन.

आता मराठीकडे. काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी १८९५ साली ‘मनोरंजन’ मासिक सुरू केले आणि १९०९ साली त्याचा दिवाळी अंक काढला, तो आपला आद्य दिवाळी अंक. त्यांनी इंग्रजी नियतकालिकांचे नाताळ अंक पाहिले आणि तसे काही मराठीत करावे असे त्यांना वाटले, ही प्रचलित कैफियत. ती मला खोटी वाटत नाही, अपुरी वाटते. कारण ती सांगणारे मित्रांच्या बंगाली व्यासंगाकडे काणाडोळा करतात. या गृहस्थांचे मूळ आडनाव आजगावकर. ते टाकून त्यांनी अस्सल बंगाली वळणाचे नाव धारण केले, बंगालीतून अनुवाद केले, आणि वि. सी. गुर्जरांसारखा बंगाली कथेवर लुब्ध असलेला कथाकार आपल्या मासिकात वाढवला. अशा संपादकाची नजर सणाच्या अंकासाठी लंडनकडे वळताना कलकत्त्यावर क्षणभरही थांबली नसेल, हे मानणे मला जड जाते.

कारण कलकत्त्यात ही वहिवाट आधीच पडली होती. ब्राह्मो समाजाचे पुढारी केशवचंद्र सेन यांच्या ‘सुलभ समाचार’ या एका पैशाच्या साप्ताहिकाने १८७३ च्या दुर्गापूजेला ‘छुटीर सुलभ’ हा सुटीचा खास अंक काढला, आणि पूजा अंकांचा मूळ पुरुष म्हणून त्याचाच दाखला दिला जातो. आता तारखा पाहा. केशवचंद्र १८७० च्या मार्चमध्ये इंग्लंडात उतरले. ९ जूनला डिकन्स वारला तेव्हा ते तेथेच होते. शरदात परतले आणि नोव्हेंबरात त्यांनी ‘सुलभ समाचार’ सुरू केले. लेखकाच्या निधनाने देश हळहळत असता या वृत्तपत्रवेड्या पाहुण्याच्या कानावर त्याच्या नाताळ अंकांची कीर्ती पडली नसेल काय?

प्रतिपक्ष विचारील, की केशवचंद्रांनी इंग्लंडातला नाताळ पाहिलाच नाही, ते वसंतात गेले आणि शरदात आले. आक्षेप बिनतोड आहे. परंतु इंग्रजी साप्ताहिके टपालाच्या बोटीने कलकत्त्याला येतच होती. दुसरा आक्षेप १८७३ आणि १९०९ यांमधल्या छत्तीस वर्षांचा. तेथे माझ्यापाशी सनद नाही, तर्क आहे: केशवचंद्रांच्या मुंबईभेटीतून स्फूर्ती घेऊन १८६७ साली तेथे प्रार्थनासमाज उभा राहिला, तेव्हा कलकत्त्याहून मुंबईला विचार येण्याचा रस्ता चांगलाच मळलेला होता. ही सारी प्रथा एतद्देशीयच, चातुर्मासातल्या पोथीवाचनातून उपजलेली, असे म्हणणारा तिसरा पक्षही आहे; त्याला एवढेच विचारावे, की पोथी दर वर्षी नवी कधी निघत होती?

जयनगरात दिवाळीच्या सुमारास कोपऱ्यावरच्या वृत्तपत्रविक्रेत्याकडे ‘प्रजावाणी’ या कन्नड दैनिकाचा दीपावली विशेषांक लागतो. हे पत्र १९४८ चे, म्हणजे आमच्या वसाहतीच्याच वयाचे. त्यात कथा, कविता, चित्रे, सारे आपल्या अंकासारखेच. आणि माझे कन्नड शेजारी तो अंक आपल्याच भाषेची उपज मानतात, तसे मानण्यात त्यांचे काही चुकते असेही नाही.

माझ्या पक्षाला सर्वांत अवघड जाणारी गोष्ट खुद्द डिकन्सनेच करून ठेवली आहे. १८६७ चा नाताळ अंक हा त्याचा अखेरचा. पुढच्या वर्षी त्याने जाहीर केले, की या अंकाचे इतके अनुकरण होऊ लागले आहे, की वाचकांना त्याचा कंटाळा येईल, सबब भर यशात असताना आपण तो बंद करीत आहोत. अर्थात मित्रांच्या पिढीने जे इंग्रजी नाताळ अंक पाहिले, ते त्याचे नसून त्याच्या नकलाकारांचे होते. वारसा असा दत्तकाच्या हातून आला, हे मी कबूल करतो. गोत्र बदलले, हे मात्र नाही.