दंडावरची गाठ

धामणगाव बढेसारख्या गावात कपाशीत हाताला साप चावला, की लोक आधी दंडाला फडकं आवळतात. लहानपणी आम्हीही ही गाठ तारकच मानली. तिचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

१६२८ साली विल्यम हार्वे यांनी अशाच गाठीचा प्रयोग ग्रंथात मांडला. दंड करकचून आवळला, तर मनगटाची नाडी थांबते, हात गार पडतो. गाठ जराशी सैल केली, की नाडी परततं, पण शिरा टरारून फुगतात. धमन्यांतून रक्त येतं, शिरांतून परत जात नाही. रक्त फिरतं, याचा हा पुरावा.

१७८५ साली लंडनमध्ये जॉन हंटर यांनी मांडीतली मुख्य धमनी बांधली, तरी पाय जगला. बाजूच्या धमन्यांनी भार उचलला. हातातही तसंच आहे. दंडातल्या मुख्य धमनीच्या फांद्या कोपराभोवती खालून उलट वर येणाऱ्या फांद्यांना मिळतात. मोठा पाट अडला, तरी लहान दांडांनी पाणी वाफ्यात पोचतं ना, तसं.

पण शल्यविशारद एकच धमनी बांधतो. फडकं मुख्य वाटेसोबत आडवाटाही अडवतं. विष थांबवायच्या आशेनं हातच गमावण्याची वेळ येते.

म्हणून आम्ही सांगतो: अंगठी, बांगडी काढा, हात पट्टीनं स्थिर ठेवा, रुग्णाला चालवू नका. आवळलेलं फडकं आधीच असेल, तर ते डॉक्टरांसमोरच सोडवा. प्रतिविष दवाखान्यातच मिळतं. गाठ मारण्यात वेळ घालवू नका, गाडी काढा.